लॅपटॉपवरून नाहीशी झालेली बहीण

१

सोमवारी सकाळी दादाच्या लॅपटॉपवरून त्याची धाकटी बहीण नाहीशी झाली.

खरीखुरी बहीण पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या खोलीत, कानाला हेडफोन लावून धडधाकट बसली होती. दिसेनासा झाला होता तो तिचा कॉम्प्युटर. दादा लॅपटॉपवर 'नेटवर्क' उघडायचा, तिथे रोज छोटीच्या कॉम्प्युटरचं चित्र असायचं, आणि त्यावर बोट टेकवलं की आजवर रेकॉर्ड केलेलं सगळं समोर यायचं. सोमवारी त्या जागी नुसता पांढरा पडदा होता. मंगळवारीही तेच. बुधवारी दादाने आईला सांगून टाकलं की छोटीने त्याला कुलूप लावलंय, आणि असं असेल तर एकत्र काम करण्यात अर्थ नाही. गुरुवारी संध्याकाळी दोघं बसून स्टुडिओची वाटणी करणार होते.

आई रडली नाही, गुरुवारी सकाळीच तिने फोन उचलला आणि आपल्या बहिणीला लावला. ही बहीण म्हणजे या दोघांची मावशी. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात, आणि तीही बिघाड शोधण्याच्या विभागात. माणसं फोनवर "शेजाऱ्यानेच तार तोडली" म्हणून शपथेवर सांगतात आणि तार उंदराने खाल्लेली असते, हे मावशीने इतक्यांदा पाहिलं होतं की "नक्की त्यानेच केलं" हे शब्द कानावर पडले की तिच्या कपाळाला आठ्या पडत.

"वाटणी संध्याकाळी ना?" ती म्हणाली. "मग दिवस पडलाय अख्खा."

२

स्टुडिओ म्हणजे एका जुन्या इमारतीतला वरचा मजला. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी इथे पुस्तकं वाचून रेकॉर्ड केली जातात. दारातच एक खोका, त्यात सगळ्यांनी आपापले फोन टाकायचे. पुढे हिशेबाची आणि पाहुण्यांची खोली, मग लांब पॅसेज, एका टोकाला दादाची रेकॉर्डिंगची खोली आणि दुसऱ्या टोकाला छोटीची, जिथे ती चुका कापते, श्वासांचे आवाज कमी करते आणि सगळं जोडून ठेवते. रेकॉर्डिंगच्या दारावर लाल दिवा. तो लागला की पॅसेजमध्ये बोलायचं नाही, दार वाजवायचं नाही, खोकला आला तर गिळायचा.

मग एकमेकांना काही सांगायचं तर कसं? त्यासाठी या मंडळींनी आपली एक रीत पाडली होती. छोटीच्या कॉम्प्युटरवर 'निरोप' नावाचं एक फोल्डर होतं. ज्याला जे सांगायचं ते त्याने आपल्या आवाजात रेकॉर्ड करून, ज्याच्यासाठी आहे त्याचं नाव देऊन तिथे ठेवायचं. चहा सांगितलाय इथपासून ते पगार वाढवा इथपर्यंत सगळं त्या फोल्डरातून चालायचं. आवाजाचीच माणसं ती, लिहायचा कंटाळा.

मावशी आली तेव्हा लाल दिवा लागलेला होता. तिने तो पाहिला, दार ढकललं आणि आत गेली. आत दादा एकटाच बसला होता, माईकसमोर कोणी नव्हतं.

"काय रेकॉर्ड करतोयस? स्वतःचा राग?"

दादाने दिवा बंद केला. आठवडाभर तो दिवा तसाच लागलेला होता. रागावलेल्या माणसाला लाल दिवा फार सोयीचा पडतो, मावशीच्या मनात आलं.

"शुक्रवारी आमचं भांडण झालं," दादा सांगू लागला. "त्या जाड कादंबरीवरून. सरांनी, आमच्या जुन्या वाचकांनी, अर्धी वाचली, मग त्यांच्या घशाचं दुखणं निघालं. बरे होऊन आले, पण आवाज फाटलाय. मी म्हटलं, सगळी कादंबरी नव्या वाचकाकडून पहिल्यापासून वाचून घेऊ. छोटी म्हणाली, सरांना असं काढून टाकलंस तर मी इथे राहणार नाही. नाही नाही ते बोलली. मीही बोललो. सोमवारी येऊन बघतो तर हिने मला बाहेर काढलेलं. सरांचं सगळं रेकॉर्डिंग तिच्याकडे आहे, मावशी. ती ते मला ऐकूही देणार नाही."

"विचारलंस तिला?"

"दिसतंय ना समोर. विचारायचं काय त्यात?"

मावशीने लॅपटॉप स्वतःकडे वळवला. इंटरनेट चालू होतं. हवामान, बातम्या, सगळं उघडत होतं. रेकॉर्डिंगच्या लॅपटॉपचं वायफाय कायम बंद ठेवायचं, हा इथला नियम, कारण त्याने आवाज मध्येच तुटतो. त्यामुळे भिंतीतून आलेली एक वायर, एवढाच त्याचा जगाशी संबंध. तिने 'नेटवर्क' उघडलं. खरोखरच, एक चित्र नाही.

"या आठवड्यात आणखी काय बिघडलं?"

"काही नाही. हां, प्रिंटर छपाई करत नाहीये. शाई संपली असेल."

मावशी उठली आणि पुढच्या खोलीत जाऊन प्रिंटरसमोर उभी राहिली. छपाई होऊन पडलेले ताजे कागद त्याच्या तोंडाशी होते, आणि अक्षरं चांगली काळीभोर होती.

३

छोटीची खोली उबदार होती आणि तिचा चेहरा तितकाच थंड.

"त्याने पाठवलं तुला?"

"तुझ्या आईने. तू दादाला कुलूप लावलंस का गं?"

"मी?" छोटीने हेडफोन गळ्यात ओढले. "त्यानेच तोंड फिरवलंय. हे बघ." तिने आपल्या पडद्यावर 'नेटवर्क' उघडलं. तिथे वहिनीचा कॉम्प्युटर होता, प्रिंटर होता, दादाचा लॅपटॉप नव्हता. "सोमवारपासून स्वतःला काढून घेतलंय त्याने. आठवड्याचं एक रेकॉर्डिंग माझ्याकडे आलेलं नाही. मी इथे रिकामी बसलेय, मावशी. वेगळं व्हायचंय ना त्याला, होऊ दे."

"तू जाऊन बोललीस त्याच्याशी?"

छोटीने मान वळवली. "मला जे सांगायचं होतं ते सांगून झालंय. त्याला उत्तर द्यावंसं वाटलं नाही. आता मी आणखी काय करू, पाया पडू?"

"काय सांगितलंस?"

"ते त्यालाच विचार."

एवढं बोलून तिने हेडफोन पुन्हा कानाला लावले, पण पडद्यावर आवाजाची एकही रेघ हलत नव्हती. मावशी पॅसेजमध्ये आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. दादा म्हणतो, तिने मला काढलं. छोटी म्हणते, त्याने स्वतःला काढून घेतलं. दोघंही खोटं बोलत नव्हती. लहानपणापासून दोघांनाही खोटं बोलताना ती ओळखत आली होती. दादाचे कान लाल होतात आणि छोटी फार गोड बोलते. आज कान जागच्या जागी होते आणि गोडवा तर औषधालाही नव्हता.

ती परत दादाच्या दारात गेली.

"तुझ्या लॅपटॉपवर तुझ्या बायकोचा कॉम्प्युटर दिसतो का?"

"तिचा कशाला बघू मी?"

"बघ."

त्याने बघितलं. तोही नव्हता.

"आणि प्रिंटरमध्ये शाई भरपूर आहे," मावशी म्हणाली. "म्हणजे बहीण नाही, बायको नाही, प्रिंटर नाही. प्रिंटरशी कधी भांडलास रे तू?"

४

दादाची बायको, जिला सगळा स्टुडिओ वहिनी म्हणतो, पुढच्या खोलीत पत्रव्यवहार सांभाळत होती. नणंद-भावजयीचं सख्य नव्हतं आणि वैरही नव्हतं. पण वाटणी झालीच तर हिच्या नवऱ्याला अख्खी रेकॉर्डिंगची खोली मिळणार होती, हे मावशीच्या नजरेतून सुटलं नव्हतं. त्यात सोमवारी सकाळी दादाच्या आधी लॅपटॉप हिनेच उघडला होता.

"मी फक्त तारखा बघायला उघडला," वहिनी म्हणाली. मग जरा अडखळली. "त्याने मला एक प्रश्न विचारला."

"कोणी, नवऱ्याने?"

"लॅपटॉपने. नवीन नेटवर्क सापडलंय, इथल्या बाकीच्या कॉम्प्युटरना तुम्ही दिसायला हवे आहात का? असं काहीतरी. मी 'नाही' म्हटलं. कोण कुठला बघणारा असेल, म्हणून." तिचा चेहरा उतरला. "मावशी, हे माझ्यामुळे झालं का? मी कोणाला सांगितलं नाही, कारण आधीच घरात इतकं..."

पॅसेजमधून दादा आला होता, त्याने ऐकलं. छोटीही दारात येऊन उभी राहिली. आठवड्यात पहिल्यांदा दोघं एका खोलीत होती, मात्र एकमेकांकडे न बघता.

"कुणाच्याही हातून होईल असं ते," मावशी म्हणाली आणि लॅपटॉप मागवला. भिंतीतली वायर पुरत नव्हती, म्हणून सगळी वरात पुन्हा रेकॉर्डिंगच्या खोलीत गेली. मावशीने वहिनीचं 'नाही' शोधून काढलं, त्याचं 'हो' केलं, फाइल वाटून घेण्याची परवानगी चालू केली आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. वहिनीने डोळे मिटून घेतले होते.

'नेटवर्क' उघडलं. पांढरा पडदा.

"झालं?" दादा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पुन्हा ती धार आली. "म्हणजे हिच्यामुळे नाही. मग कोणामुळे ते मला माहीत आहे."

छोटी आपल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. वाटणीला आता फक्त दुपार उरली होती.

५

मावशीला मात्र हुरूप आला होता. एक कारण खोटं पडलं की पुढचं कारण जवळ येतं, असा तिचा नोकरीतला अनुभव होता. वहिनीने उत्तर काय दिलं, हे तिच्या दृष्टीने आता गौण होतं. लॅपटॉपने मुळात प्रश्न का विचारला? 'नवीन नेटवर्क सापडलंय.' वायर जुनी, भिंत जुनी, लॅपटॉप जुना. नवीन काय होतं?

तिने सगळ्यांना विचारलं, शनिवार-रविवारी इथे काय बदललं? सगळे म्हणाले, काहीच नाही. तिने दादाच्या लॅपटॉपचा नेटवर्कमधला नंबर बघितला, मग वहिनीच्या कॉम्प्युटरचा. घराला जसा पत्ता, तसा प्रत्येक कॉम्प्युटरला एक नंबर असतो; चार भाग, मध्ये टिंबं. एका ठिकाणच्या कॉम्प्युटरचे पहिले तीन भाग सारखे असायला हवेत. दादाच्या लॅपटॉपचा तिसरा भाग वेगळा होता.

"एकाच मजल्यावर बसून हा दुसऱ्याच गल्लीत राहतोय," मावशी पुटपुटली.

आता राहिला एकच माणूस. रेकॉर्डिंगचा तंत्रज्ञ, ज्याला सगळे कानसेन म्हणत. पन्नाशीचा, मितभाषी, पुस्तकाचं पान उलटलेलंही दुसऱ्या खोलीतून ओळखणारा. तो खिडकीशी बसून हेडफोनची गादी शिवत होता.

"तुम्हाला काय वाटतं, कोणी केलं असेल?" मावशीने शेजारी बसत विचारलं.

"मी त्यात पडत नाही. मला आवाजाशी मतलब."

"आवाज कसा आहे सध्या?"

त्याचा चेहराच बदलला. "या आठवड्यातला ऐका तुम्ही." त्याने तिच्या कानाला हेडफोन लावले. एक बाई कुठलीशी गोष्ट वाचत होती, आणि तिच्या दोन वाक्यांमधली शांतता अगदी स्वच्छ होती. "आणि हा त्याच्या आधीच्या आठवड्यातला." तीच बाई, पण वाक्यांच्या मध्ये, फार खाली, एखादा डास भिंतीपलीकडे अडकावा तशी बारीक गुणगुण.

"छळ मांडला होता तिने," कानसेन म्हणाला. "दादा रोज मला बोलायचे. आता गेली."

"गेली, का घालवलीत?"

कानसेनने सुई गादीत खुपसली आणि खाली बघितलं.

"ती गुणगुण येत कुठून होती?" मावशीने हळू आवाजात विचारलं.

६

पॅसेजमध्ये, रेकॉर्डिंगच्या खोलीच्या भिंतीला लागून, एक लाकडी कपाट होतं. कानसेनने ते उघडलं. आत एक काळा डबा, त्यावर हिरवे दिवे, मागे वायरी. एव्हाना सगळे जमले होते, मावशीच्या हाकेने छोटीसुद्धा.

"इथे आधी पांढरा डबा होता," कानसेन म्हणाला. "एक वायर आत, त्यातून दोन-तीन बाहेर, एवढंच त्याचं काम. पण तो गुणगुणायचा, आणि ते भिंतीतून माईकमध्ये जायचं. शनिवारी कोणी नव्हतं म्हणून मी आलो. माळ्यावर जुने डबे पडलेत. सगळे खाली काढले, एकेकाला वीज जोडली, माईकसमोर ठेवला आणि कान लावून ऐकला. हा एकच गप्प होता. तसाच लावला. लॅपटॉपवर इंटरनेट चाललं, पडद्यावर त्याने काहीतरी विचारलं ते मी वाचलंच नाही; म्हटलं, झालं काम."

"तुम्ही डबा कानाने निवडलात?" वहिनीने विचारलं.

"मग आणखी कशाने निवडायचा?" कानसेनला प्रश्नच कळला नाही.

मावशीला हसू आवरेना. असला बिघाड तिने अख्ख्या नोकरीत पाहिला नव्हता. शांततेचं इतकं वेड नसलेल्या दुसऱ्या कुठल्याच कचेरीत तो झाला नसता.

"ऐका. पांढरा डबा म्हणजे नुसता फाटा. रस्ता एक, त्याला दोन वाटा. हा काळा डबा वेगळ्या जातीचा. दिसायला तसाच, भोकंही तशीच, पण हा घराच्या दाराशी ठेवायचा असतो. बाहेरचं इंटरनेट या बाजूच्या वेगळ्या रंगाच्या भोकात घ्यायचं, आणि आतल्या कॉम्प्युटरना हा स्वतः नंबर वाटतो. कानसेननी स्टुडिओची वायर नेमकी त्या वेगळ्या भोकात घातली. डब्याला वाटलं, अख्खा स्टुडिओ म्हणजे बाहेरचं जग, आणि दादाचा लॅपटॉप म्हणजे आपलं घर. त्याने लॅपटॉपला आपला नवा नंबर दिला. लॅपटॉपला ते नवीन नेटवर्क वाटलं, म्हणून त्याने वहिनीला प्रश्न विचारला. इंटरनेट या डब्यातून आरपार जातं, म्हणून कोणाला शंका आली नाही. पण 'कोण कोण आहे इथे?' ही हाक डब्याच्या पलीकडे जात नाही. इकडून नाही आणि तिकडूनही नाही."



"म्हणजे कुलूप..." दादाने सुरुवात केली.

"कोणीच लावलं नव्हतं. तुला प्रिंटर दिसत नव्हता, बायको दिसत नव्हती, पण तू शोधलंस फक्त छोटीला. रागात माणूस एकच नाव शोधतो."

डब्याच्या पोटावर चिकटवलेल्या कागदावर त्याचा पासवर्ड होता. मावशीने लॅपटॉपवरून डब्याच्या आत शिरून त्याचं नंबर वाटणं बंद केलं, मग वायर त्या वेगळ्या भोकातून काढून शेजारच्या साध्या भोकात घातली. आता तोही नुसता फाटा झाला, आणि गप्प फाटा. कानसेनने भिंतीला कान लावून खात्री करून घेतली. लॅपटॉपने पुन्हा तोच प्रश्न विचारला, आणि वहिनीने या वेळी पुढे होऊन 'हो' म्हटलं.

पडद्यावर आधी प्रिंटर आला. मग वहिनी. मग छोटी.

७

"निरोप बघ," मावशी म्हणाली. "ही मला म्हणाली, सांगायचं ते सांगून झालंय. तुम्ही लोक सांगता कुठे ते मला एव्हाना कळलंय."

छोटी एकदम पुढे आली. "तू ऐकला नाहीस?" तिने दादाला विचारलं. आठवड्यातलं हे तिचं त्याच्याशी पहिलं वाक्य होतं.

"मला दिसलाच नाही काही, तर ऐकणार काय?"

"मी रविवारी ठेवला होता. मला वाटलं, ऐकून गप्प बसलायस."

"मी नाव बघितलं होतं," वहिनी हळूच म्हणाली. "पण दुसऱ्याच्या नावाचा निरोप मी कसा ऐकू? मला वाटलं, तुम्ही ऐकला असेल."

दादाने फाइल उघडली. आधी जाड कादंबरीचं पहिलं प्रकरण सुरू झालं, एका तरुण, मोकळ्या आवाजात. त्याला हवी असलेलीच ती नवी वाचक. छोटीने तिला रविवारी आपल्याच खोलीत बोलावून वाचून घेतलं होतं, कापून, जोडून, नीटनेटकं केलं होतं. प्रकरण संपलं आणि छोटीचा स्वतःचा आवाज आला, नेहमीपेक्षा खाली.

"दादा, तुझ्या म्हणण्याप्रमाणे केलंय. चांगलं वाचते ती. मला पटलेलं नाही, पण वेगळं होण्यापेक्षा हे बरं. शुक्रवारचं मनावर घेऊ नकोस. फक्त सरांना तू सांग. त्यांनी मला विचारलं होतं, पुस्तक माझ्याकडेच राहील ना? मी हो म्हटलं होतं. माझ्याच्याने आता नाही म्हणवणार नाही."

फाइल संपली. दादाचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची तसदी त्याने घेतली नाही.

"चार दिवस मी तुला चोर समजत होतो," तो म्हणाला.

"मीही तुला दगड समजत होते," छोटी म्हणाली, आणि तिचाही आवाज जागेवर नव्हता.

मावशीने वहिनीला आणि कानसेनला खुणेने बाहेर काढलं. दारातल्या खोक्यातून आपला फोन घेईपर्यंत आतून आवाज चढायला लागले होते. वहिनी घाबरून मागे वळली, तर मावशीने तिचा हात धरला. दोघी ऐकत उभ्या राहिल्या. मग मावशीने बहिणीला फोन लावला.

"मिटलं का गं?" पलीकडून आईने विचारलं. "वाटणीचं काय?"

"वाटणीचं नावही कोणी काढलं नाही. भांडताहेत."

"पुन्हा?"

"अगं, आता दादा म्हणतोय, सरांनाच बोलवायचं, आवाज फाटका तर फाटका, तो माणूस आपला आहे. आणि छोटी म्हणतेय, अजिबात नाही, नव्या मुलीने इतकं सुरेख वाचलंय, तिला कसं नाही म्हणू?" मावशी पायऱ्या उतरू लागली. "दोघांची जेवणं झाकून ठेव. यायला उशीर होईल, पण एकत्र येतील."